दारूचं नुसतं नाव

घरात कुणाचा पाय मोडला तर आपण साऱ्या गावाला सांगतो. कुणाला टायफॉइड झाला तर शेजारीपाजारी मोसंबी घेऊन येतात, उशाशी बसतात. पण घरातलं एखादं माणूस एकाएकी गप्प झालं, त्याची अन्नावरची वासना उडाली, दिवसचे दिवस ते भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागलं, तर आपण काय करतो? आधी दार लोटून घेतो. मग बाहेर येऊन सांगतो, "काही नाही, जरा कणकण आहे."

देऊळगाव राजाच्या भगवंतराव मेहेत्र्यांच्या घरात असंच झालं. एकोणीसशे सदुसष्ट साल होतं. बालाजीची यात्रा उलगली, गाव मोकळं झालं, आणि भगवंतरावांचा धाकटा भाऊ इंद्रभान जो अंथरुणाला लागला तो उठेचना.

इंद्रभान पोस्टमन होता. चौतीस वर्षांचा, सडपातळ, शब्दाला गोड. नऊ वर्षं तो सायकलवरून आसपासच्या सात गावांची डाक वाटत होता. टपाल हातात देऊन घंटी वाजवत पुढे जाणाऱ्यांतला तो नव्हता. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्या ओट्यावर बसून पत्र वाचून दाखवायचा, उत्तर लिहून द्यायचा. वाईट बातमी असली तर आधी प्यायला पाणी मागायचा, घटकाभर इकडचं तिकडचं बोलायचा आणि मग पत्र उघडायचा. असा माणूस आता सकाळी उठून तोंडही धुवेना. खाकी कोट खुंटीला लटकत राहिला.

भगवंतराव त्याच्याहून बारा वर्षांनी मोठे. वडिलांच्या मागे त्यांनीच इंद्रभानला वाढवला, शिकवला. गावाबाहेर भाजीपाल्याचा मळा, बाजारात भाजीची अडत, भजनी मंडळात पहिली ओळ. घराण्यात कधी कुणी विडीलासुद्धा हात लावलेला नाही, याचा त्यांना फार अभिमान. बायको वारली तेव्हा मुलगी सिंधू सहा वर्षांची होती. तिला इंद्रभानच्या बायकोनं, सत्यभामेनं, पोटच्या पोरीसारखी वाढवली. सिंधू आता अठरा वर्षांची झाली होती आणि भगवंतराव तिच्या सोयरिकीच्या मागे होते.

भावाच्या आजारावर त्यांनी काय केलं नाही? काढे झाले, अंगारे झाले, ताकदीच्या बाटल्या झाल्या. शेवटी गावातल्या डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, "भगवंतराव, हे शरीराचं दुखणं नाही. मन खचण्याचा आजार आहे. याला औरंगाबादेला न्या. तिथं मनाच्या आजाराचे डॉक्टर आहेत."

"म्हंजे येड्याच्या डॉक्टरकडे?" भगवंतराव उठून उभेच राहिले. "आमच्या घरात येडं कोणी नाही, डॉक्टरसाहेब!"

त्या गोष्टीला पंधरा दिवस झाले. एका सकाळी दाराआडून सत्यभामेचा आवाज आला. ती थोरल्या दिरापुढे कधी येत नसे. जे सांगायचं ते डोईवर पदर घेऊन, दाराच्या फळीमागून.

"दादा, काल यायनं मले इचारलं, का मळ्यातल्या इहिरीले सध्या पानी कितीक हाय म्हून."

"मंग?"

"चार महिन्यांत ते माह्यासंगं दुसरं काहीच बोलले नाही."

भगवंतरावांच्या हातातला चहा तसाच राहिला. दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं ते भावाला घेऊन जालन्यामार्गे औरंगाबादेला गेले.

तिथले डॉक्टर पिकल्या केसांचे, शांत. त्यांनी इंद्रभानशी तासभर बोलायचा प्रयत्न केला, वजन केलं, सत्यभामेनं लिहून पाठवलेली चिठ्ठी वाचली. मग म्हणाले, "यांना विजेचा उपचार द्यावा लागेल. झोपेचं इंजेक्शन देऊन डोक्याला अगदी क्षणभर विजेचा झटका देतात. आठवड्यातून दोनदा, एकंदर आठ वेळा. त्या दिवशी चालताना तोल जाईल, थोडं विसरायला होईल, म्हणून हात धरून न्यायचं. उपचार संपेपर्यंत सायकल नाही, विहिरीजवळ जाणं नाही. आणि एक लक्षात ठेवा, मधेच सोडायचं नाही."

मंगळवार आणि शुक्रवार ठरले. तिसऱ्या खेपेनंतर इंद्रभाननं सिंधूला विचारलं, "आज काय केलं व जेवाले?" एवढंच विचारलं! पण स्वयंपाकघरात सत्यभामा पदर तोंडात धरून रडली. त्या दिवशी त्यानं अर्धी भाकर खाल्ली.

मात्र परतीची एस.टी. दुपारी चारला स्टँडवर लागायची, आणि तेव्हा तिथे सगळं गाव असायचं. इंद्रभानची पायरीवरून उतरताना झोकांडी जायची. एक पाय इकडे, एक तिकडे. भगवंतराव त्याला काखेत धरून चालवायचे. दोन-तीन खेपा लोकांनी नुसतं पाहिलं. चौथ्या खेपेला पानठेल्यावरून कुणीतरी हाळी दिली, "काय भगवंतराव, धाकले मालक आज भरदिवसाच टाकून आले का काय?"

आजूबाजूचे हसले. 'नाही' म्हणावं, तर पुढचा प्रश्न येणार, मग काय झालंय? कुठे नेता याला मंगळवार-शुक्रवार? भगवंतरावांच्या डोळ्यांपुढे सिंधू उभी राहिली. वेड्याची पुतणी म्हणून जन्मभर घरात राहिलेली सिंधू. आणि भगवंतराव हसले. तोंडातून एक शब्द काढला नाही, नुसते हसले. पण गावाला तेवढं हसणं पुरलं.

चार दिवसांत वार्ता सातही गावांत पोचली. पोस्टमन पितो.

पुढच्याच आठवड्यात चिखलीहून तुळशीरामजी सिंधूला पाहायला आले. तालेवार माणूस, मुलगा मॅट्रिक झालेला, नावाजलेलं घर. मुलगी पसंत पडली. सुपारी कातरता कातरता तुळशीरामजींनी हळूच विषय काढला. "भगवंतराव, रागावू नका. स्टँडवर कानावर आलं, का तुमचे बंधू घेतात म्हून."

भगवंतरावांनी मान खाली घातली. "हाव... लागली हाय थोडीक सवय. सुधरून राह्यला आता."

"चालते हो! दारूबंदी कागदावर. कोनत्या घरात एखादा नाही?" तुळशीरामजींनी सुपारी तोंडात टाकली. "आमाले एकाच गोष्टीचं भेव. रक्तात येड नसलं पायजे. मेहकरकडचं चांगलं ठिकान आमी त्याच्यापाई सोडलं. पोरीचा मामा येडा होता."

भगवंतरावांना वाटलं, वाचलो!

पाहुणे गेल्यावर इंद्रभान आतल्या खोलीतून भिंत धरत धरत बाहेर आला. त्यानं सगळं ऐकलं होतं. "दादा, मी कधी घेतली?"

"अरे, तुले काय कोनी पाजून राह्यलं का? दारूचं नुसतं नाव हाय. पोरीचं लगन होऊ दे, मंग सांगू सारं."

इंद्रभान "बरं" म्हणाला आणि आत गेला. लहानपणापासून दादांच्या शब्दाला तो 'बरं'च म्हणत आला होता.

भगवंतराव तेवढ्यावर थांबले नाहीत. पाच झटके झाल्यावर त्यांनी औरंगाबादची वारी बंद केली. मनाशी म्हणाले, भाऊ बोलतो, जेवतो, मग आणखी काय पाहिजे? शिवाय त्यांची खात्रीच झाली होती, की त्या विजेनंच भावाच्या पायांतला जोर गेला. आधी कुठे तो असा झोकांड्या खात होता? आणि तुळशीरामजी पुन्हा यायचे होते. भाऊ घरात पडलेला दिसला तर दहा प्रश्न! म्हणून त्यांनी सांगितलं, "कामावर रुजू हो. सायकल काढ."

"डॉक्टरसायबानं नाही म्हटलं होतं," सत्यभामा फळीमागून म्हणाली.

"डॉक्टरले पोरीचं लगन नाही करा लागत!" भगवंतरावांनी विषय तोडला.

इंद्रभान कामावर गेला. सायकल हातात धरून ढकलत न्यायचा. सपाट रस्ता आला तरच बसायचा. पण गावं आता पहिली राहिली नव्हती. वाकीची गोजरबाई, जिचा एकुलता मुलगा फौजेत होता आणि जिचं प्रत्येक पत्र इंद्रभाननं वाचून दाखवलं होतं, तिनं दारातच हात पुढे केला. "दे इथीच. मास्तरकडून वाचून घेईन मी." त्याच्या मागे तिनं दार लावलं. दुसऱ्या गावात बायका त्याला पाहून रस्त्याच्या त्या अंगाला व्हायच्या. पोस्टमास्तरांकडे बिननावाचा अर्ज गेला, की टपाल दारूड्याच्या हातात देऊ नये.

"जनू काही मी मेलो, अन् माह्या कपड्यात दुसराच कोनी फिरून राह्यला," तो एकदा सत्यभामेला म्हणाला. त्याचं जेवण पुन्हा कमी झालं.

चैत्र संपत आला होता. ऊन मी म्हणत होतं. त्या दिवशी तुळशीरामजी तारीख धरायला आले आणि घरी जाण्याआधी अडतीवर भगवंतरावांसमोर गादीवर टेकले. चहा आला. तेवढ्यात वाकीकडून आलेला एक गाडीवान दाराशी थांबला.

"भगवंतराव, तुमचा भाऊ नाल्याच्या पुलाजोळ पडेल हाय. पार लंबा झाला. सायकल एकीकडं, टपाल एकीकडं."

दुकानातली चार माणसं भगवंतरावांकडे पाहू लागली. तुळशीरामजींनी बशीतला चहा फुंकला आणि तेही पाहू लागले.

भगवंतरावांच्या मनात काय आलं असेल? भाऊ प्यायलेला नाही हे त्या दुकानात एकट्या त्यांना ठाऊक होतं. पण धावत सुटले, तर दारूड्यासाठी कुणी असं धावतं का? एका खोट्याला सांभाळायला दुसरं खोटं आपोआप जिभेवर आलं.

"पडू द्या," ते म्हणाले. "उतरली का येईन घरी."

माणसं हसली. तुळशीरामजीही हसले. चहा संपला, पंचांग उघडलं गेलं, वैशाखातल्या तिथी निघाल्या. भगवंतरावांचं बोट पंचांगावर होतं, पण त्यांना अक्षर दिसत नव्हतं. उठावं, आता उठावं, असं म्हणता म्हणता दीड तास गेला.

मग दुकानासमोर एक बैलगाडी उभी राहिली आणि वर बसलेली म्हातारी ओरडली, "भगवंता! बाहीर ये!"

ती वाकीची गोजरबाई होती. गाडीत कडब्यावर इंद्रभान निपचित पडला होता. कपाळ फुटून रक्त वाळलेलं, डावा हात मनगटाशी वाकडा झालेला, ओठ काळे ठिक्कर. ती त्याच्या तोंडावर ओल्या पदराचं पाणी पिळत होती.

"मी याच्या तोंडाचा वास घेतला," गोजरबाई सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं बोलली. "दारूचा थेंब नाही! माह्या नवऱ्यानं जनमभर पेली, मले नोको शिकवू. लेकरू उन्हात चक्कर येऊन पडलं, अन् सारा रस्ता त्याले वलांडून गेला. मीबी गेली! पिऊन पडला म्हून नाकाले पदर लावून मीबी पुढं गेली. मंग वाटलं, नऊ वर्सं यानं माह्या पोराचे कागद वाचले, निदान सावलीत तरी सारू. वापस फिरली, तवा कळलं." ती भगवंतरावांकडे वळली. "हा पेते म्हून कोनी सांगितलं रे पह्यल्यांदा? सांग ना! कोनी सांगितलं?"

भगवंतरावांनी गाडीत चढून भावाचं डोकं मांडीवर घेतलं, आणि एवढा मोठा माणूस भरबाजारात हुंदके देऊन रडू लागला.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, टाके घातले, मनगट बांधलं. "आणखी अर्धा तास उन्हात राहिले असते, तर माझ्याकडे आणायची गरज उरली नसती," ते म्हणाले. तुळशीरामजी तेवढ्यात न जेवताच चिखलीला निघून गेले होते.

दिवेलागणीला इंद्रभाननं डोळे उघडले. भगवंतराव त्याच्या पायाशी बसले होते. तेव्हा सत्यभामा खोलीत आली. डोईवर पदर होता, पण मधे फळी नव्हती. बारा वर्षांत पहिल्यांदा ती थोरल्या दिरासमोर उभी राहिली.

"दादा, आजार त देवानं देला. मी कोनाले दोस देत नाही. पन दारू? ते त तुमी देली."

"सत्यभामा, मी सिंधूसाठी..."

"सिंधू माही नाही का? मीच वाढवली तिले. तिच्यासाठी मी माह्या नवऱ्याले दारूड्या म्हनू देलं, तोंड शिवून बसली. माहीबी चूक हाय. पन दादा, दारूड्या मानसाले कोनी उचलत नाही. आजारी मानसाले उचलतात. तुमी यायचा आजार काढून घेतला अन् त्याच्या जागी गुन्हा ठेवला!"

भगवंतरावांनी दोन्ही हात जोडले. कुणाला, भावाला की भावजयीला, हे त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

इंद्रभान हळूच म्हणाला, "दादा, पानी द्या जरा." आणि भगवंतरावांनी आपल्या हातानं त्याला पाणी पाजलं.

दहा दिवसांनी तिघंही औरंगाबादेला गेले. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. ते रागावले नाहीत. त्यामुळेच भगवंतरावांना जास्त लागलं.

"पाचव्यावर का थांबलात?"

"साहेब, खोटं नाही बोलत. एक त लोकलाज. अन् दुसरं, त्या विजेनं याचा तोल गेला असं वाटलं. पह्यले हा असा झोकांड्या देत नव्हता."

"पहिले हा चालत होता का?"

भगवंतरावांनी भावाकडे पाहिलं.

"चार-पाच महिने खाटेवर पडलेल्या माणसाचा तोल तुम्ही कधी पाहिला?" डॉक्टर म्हणाले. "त्या दिवसांत कधी उठला, तेव्हा कसा चालला, आठवतं कुणाला?"

सत्यभामा एकदम बोलली, "दिवाईच्या पह्यल्या आंघोळीले न्हानीत पडले होते! अन् दोन खेपा उंबऱ्याले अडखळले. तवा त वीज-बीज काहीच नव्हती, साहेब. मले वाटलं, जेवत नाही म्हून."

"पाहा! मनाचा आजार मनातच राहतो असं थोडंच आहे? तो पायांत उतरतो, पाठीत उतरतो. पाऊल जड पडतं, अंग वेळेवर सावरत नाही. उपचाराच्या दिवशी चक्कर येते, हेही खरं. ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, लपवलं नाही. ती काही तासांत, फार तर काही दिवसांत ओसरते. पण मूळ आजार अर्धाच राहिला, आणि तुम्ही त्याला उन्हात सायकलवर बसवलंत." त्यांनी इंद्रभानला पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायला सांगितलं. तो दोन क्षणांत डावीकडे कलला, आणि डॉक्टरांनी त्याला अलगद खांद्याशी धरलं. "हे सुधारेल. बहुतेकांचं सुधारतं. पण आता पुरं करायचं."

भगवंतरावांनी विचारलं, "अन् साहेब, हे रक्तात असते का? पोरीबाळींले..."

"भगवंतराव, डायबिटीस काही घराण्यांत जास्त दिसतो, म्हणून आपण त्या घरच्या मुली विहिरीत ढकलतो का? काही घरांत हा आजारही जास्त दिसतो, पुष्कळांना मागचंपुढचं काही नसताना होतो. भ्यायचं असेल तर आजाराला नका भिऊ. इलाज न करण्याला भ्या."

मग भगवंतराव एकटेच चिखलीला गेले. तुळशीरामजींच्या ओसरीवर, त्यांच्या भाऊबंदांच्या देखत उभ्यानं सांगितलं, "माह्या भावानं कधी दारू पेली नाही. मी लबाड बोललो. त्याच्या मनाले आजार हाय, औरंगाबादेस विजेचा इलाज चालू हाय. हे माहीत करून पोरगी करत असान त करा."

तुळशीरामजींनी पाणी विचारलं, चहा विचारला नाही. आठ दिवसांनी चार ओळींचं पत्र आलं. 'योग दिसत नाही.'

भगवंतरावांना मुलीकडे पाहवेना. पण सिंधूच त्यांच्याजवळ येऊन बसली. "आबा, तुमी काऊन तोंड उतरवून बसले? ज्या मानसानं काका उन्हात पडेल हाय असं आयकलं अन् बशीतला च्या पेला, त्याच्या घरी मले देऊन राह्यले होते तुमी!"

भगवंतरावांनी मान खाली घातली. कारण त्या दिवशी तोच चहा त्यांनीही प्यायला होता. मुलीला ते ठाऊक होतं की नाही, हे त्यांनी कधीच विचारलं नाही.

राहिलेले उपचार पूर्ण झाले. फरक काही जादूसारखा पडला नाही. आधी इंद्रभान अंगणात चालू लागला, मग मळ्याच्या बांधावर. दोन वाफ्यांमधल्या वीतभर वरंब्यावरून सिंधूचा हात धरून जायचा. हळूहळू हात सुटला. पोळ्यापर्यंत तो पायी एका गावाची डाक नेऊ लागला, दिवाळीनंतर सायकलवर बसला. मनगट मात्र थोडं वाकडंच जुळलं, आणि आजारातले कित्येक दिवस त्याला आठवत नाहीत ते नाहीतच. पुलाजवळ आपण पडलो, हेही तो लोकांकडून ऐकून सांगायचा. गोजरबाईच्या ओट्यावर बसून त्यानं पुन्हा पत्र वाचलं तेव्हा म्हातारी पत्र न ऐकता त्याच्या तोंडाकडेच पाहत बसली होती.

सिंधूची सोयरीक पुढची दोन वर्षं जमली नाही. चार ठिकाणं आली आणि गेली. दर वेळी भगवंतराव आधी भावाच्या आजाराचं सांगायचे, मग मुलगी दाखवायचे. लोक त्यांना खुळे म्हणायचे. शेवटी जालन्याकडचा एक शाळामास्तर मुलगा 'हो' म्हणाला. त्याचं म्हणणं एवढंच, की जे लोक एवढं खरं सांगतात, ते बाकीचं काय खोटं सांगणार?

पण त्याच्याही आधीची एक गोष्ट सांगायची राहिली. एका दुपारी अडतीवर गिऱ्हाईक नव्हतं. लोणारकडचा एक शेतकरी दाराशी घुटमळत होता. त्यानं वांग्यांचा भाव विचारला, कोथिंबिरीचा विचारला, घेतलं काहीच नाही. भगवंतरावांनी त्याला आत बोलावून बसवलं. त्याचं नाव सहदेव.

"तुमीच ते का, ज्यायच्या भावाले औरंगाबादेस..." तो थांबला. दाराकडे पाहून त्यानं आवाज आणखी खाली आणला. "माही बायको सहा महिन्यांपासून बोलत नाही. लेकरं जवळ गेले त वळखत नाही असं करते. आमी गावात सांगतो, तिले बाहीरचं झालं म्हून. कोनाले इचारावं, समजत नव्हतं. मंग कोनी तुमचं नाव सांगितलं."

आतल्या बाजूला इंद्रभान टपालाची थैली उशाशी घेऊन दुपारचा टेकला होता. तो उठून आला आणि सहदेवशेजारी गादीवर बसला.

"भिऊ नका. पह्यल्या दिवशी मीच येतो तुमच्यासंगं," तो म्हणाला. "पन एक ध्यानात ठेवजा. वापस येता एस.टी.तून उतरताना तिचा झोक जाईन. तवा हात सोडू नका. लोक पाहतीन."

"पाहतीन ना! मंग काय सांगू त्यायले?" सहदेवनं काकुळतीनं विचारलं.

इंद्रभाननं दादांकडे पाहिलं. उत्तर भगवंतरावांनी दिलं.

"खरं सांगजा," ते म्हणाले. "आजारी हाय म्हून सांगजा. बस, एवढंच."

वाचकहो, त्या वर्षी भगवंतरावांच्या दुकानात असे आणखी तीन जण आले. सगळे दबक्या आवाजात बोलले, सगळ्यांनी आधी भाजीचा भाव विचारला. म्हणजे एकट्या त्या मुलखात किती दारं लोटलेली असतील! तुमच्या-माझ्या गल्लीतही असेल एखादं. मनाचा आजार हा ना कलंक आहे ना शाप. तो तापासारखा, मोडल्या हाडासारखा आजार आहे, आणि त्याला औषधोपचार आहे. पण आपण लाजेपोटी त्याला दुसरं नाव दिलं, कुणी भुताचं, कुणी व्यसनाचं, की त्या दिवसापासून आपलं माणूस रस्त्यात पडलं तरी त्याला कुणी उचलत नाही. आजाऱ्याचा तोल औषधानं सावरतो. ज्या घरानं त्याचा हात सोडला, त्या घराचा तोल मात्र कोणताही डॉक्टर सावरू शकत नाही!